रुळांचे सांधे

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याजवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे खेरवाडी. तिथून मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाड्या धडधडत जातात. पूर्वी गाडीत बसलं की तालात खडाड्‌-खट्‌ ऐकू यायचं. तो आवाज सांध्यांचा.

आपल्याकडे रुळाचा सुटा तुकडा साधारण 13 मीटरचा. दोन तुकड्यांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावतात, त्या फिशप्लेट, आणि सहसा चार बोल्टांनी आवळतात. गंमत अशी, की ही पट्टी रुळाच्या कमरेला टेकत नाही. ती डोक्याखाली आणि पायावर पाचरीसारखी रुतते. बोल्ट तिला आत खेचून धरतो. या रचनेचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी 1847 साली घेतलं.

मग सांध्यात फट का ठेवतात? तापमान 40 अंशांनी चढलं, तर 13 मीटरचा रूळ सुमारे 6 मिलिमीटर वाढतो. निफाडची कडाक्याची थंडी आणि वैशाखातलं ऊन आठवा! म्हणून फट ठेवतात आणि रुळातली भोकंही बोल्टापेक्षा मोठी असतात. रूळ सहज सरकावेत, म्हणून उन्हाळ्याआधी सांधे उघडून वंगण देतात.

आता बहुतेक रूळ वेल्डिंगने जोडून अखंड केलेत. तरी सगळे बोल्ट गेले नाहीत; सिग्नलसाठी वीजरोधक सांधे लागतातच. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज मैलोन्‌मैल चालणारा कीमॅन सैल झालेला बोल्ट तिथल्या तिथे आवळतो. थंडीवाऱ्यात एकट्यानं करायचं हे काम मला फार मोठं वाटतं.