चतुःसीमा

पुढं सरका, मागं बायामाणसं उभी आहेत. एकादशीचा फराळ झालेला आहे, तेव्हा झोप कोणाला येणार नाही असं धरून चालतो.

गेल्या आठवड्यात हरिपाठ सुटल्यावर एक गृहस्थ खांबापाशी थांबले. संगं त्यांची मंडळी. इथंच आपल्या धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर ते मुनीम आहेत. बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. म्हणाले, "महाराज, एक विचारू का? प्रपंचाचं आहे."

मी म्हणलं, विचारा. परमार्थाचं कोण विचारतंय आम्हाला!

"घर पाहिलंय. दोन खोल्या, ओटा, आंगणात बोअर. भाव आवाक्यात आहे. सातबारा पाहिला, बोजा नाही. इसार द्यायचा राहिलाय. पण शेजार आवाजी आहे. घ्यावं का सोडून द्यावं?"

आता बघा, घर घेताना आपण काय काय पाहतो. पाणी पाहतो, रस्ता पाहतो, दार कोणत्या दिशेला ते पाहतो. वकिलाकडून जुने कागद तपासून घेतो. अन् खरेदीखतात एक जागा अशी असते की जी वाचून दाखवतात अन् आपण मान हलवतो. चतुःसीमा! पूर्वेस अमुकाचं घर, दक्षिणेस तमुकाचा वाडा, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस अमक्याची मोकळी जागा. म्हणजे सरकारी कागदसुद्धा तुमचं घर सांगताना आधी शेजारी सांगतो. शेजाऱ्याशिवाय तुमच्या घराला हद्दच नाही. पण त्या चार नावांमधला एकेक माणूस पहाटे किती वाजता उठतो, रात्री काय करतो, हे लिहायला त्या कागदात रकाना नाही. तो आपणच भरायचा असतो, अन् इसार देण्याच्या आधी.

मी त्यांना विचारलं, आवाज कसला? कांडपाचा का? आपलं गाव मिरचीचं. कांडपयंत्र सुरू झालं की भिंत थरथरते अन् ठसका लागतो तो वेगळाच. "नाही," म्हणाले. रेल्वेचा का? नांदेडकडची गाडी, बासर-निजामाबादकडची गाडी, रात्री भोंगा वाजतोच. "नाही, त्याची सवय आहे." मग डीजे? भांडण? दारू? प्रत्येक वेळी मान हलवली. बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सांगायला लाजतात.

मी आपला सुरू झालो. कीर्तनकाराला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, दृष्टान्त देतो! त्यांना म्हणलं, आवाजा-आवाजात फरक असतो. शिकत होतो तेव्हा लातूरला एका पिठाच्या गिरणीला लागून खोली होती माझी. पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. महिन्यानं अशी गत झाली की गिरणी बंद पडली की जाग यायची. कष्टाचा आवाज होता, वेळेला सुरू, वेळेला बंद. त्याच्यानंतरची खोली स्वस्त मिळाली, गल्ली शांत. पण पलीकडच्या घरात रात्री एक माणूस बायकोला मारायचा. मोठ्यानं नाही, ती बाई रडायचीसुद्धा तोंडात पदर कोंबून. मी दोन महिन्यांत खोली सोडली. दार वाजवायचं सोडून खोली सोडली, हे आज सांगताना बरं वाटत नाही. म्हणून म्हणतो, आवाज किती मोठा हे नंतर बघा, आवाज कशाचा हे आधी बघा.

मग बहिणाबाई सांगितल्या. चौधरी नव्हेत, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई, 1628 ते 1700. आपल्याच मराठवाड्याची लेक. वेरूळजवळचं देवगाव माहेर, वैजापूरकडचं शिऊर सासर. कुटुंबाच्या वादात गाव सुटलं. आईबाप, नवरा, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत फिरत कोल्हापूर, अन् शेवटी देहू. देहूत उतरायला जागा पाहिजे. मंबाजी गोसाव्याकडं जागा मागितली, तर तो मारायला धावला. शेवटी देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. पुढं हा मंबाजी म्हणतो, तुम्ही माझे शिष्य व्हा. यांनी तुकोबांना गुरू मानलेलं. तो चिडला. यांची गाय नेऊन बांधली, उपाशी ठेवली, मारली. तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असं बाई स्वतःच अभंगातून सांगतात.

आता हा शेजार चांगला का? अजिबात नाही! तुकोबांनाही तो कुठं चुकला? देवळाला लागून मंबाजीची बाग, बागेला काट्याचं कुंपण. एकादशीला आलेल्या यात्रेकरूंच्या पायाला काटे लागतात म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले, तर त्यानं त्याच काट्यांच्या फांद्यांनी झोडपलं, असं महिपतीबुवा सांगतात. अन् त्याच रात्री कीर्तनात मंबाजी दिसला नाही म्हणून तुकोबा त्याला बोलवायला गेले. म्हणजे मारणारा रोजचा श्रोता होता बरं का!

तरी बहिणाबाई देहूत राहिल्या. कामून? एका बाजूला मंबाजी होता, पण दुसऱ्या बाजूला कीर्तन होतं. जे ऐकायला एवढं चालून आल्या ते भिंतीपलीकडं मिळत होतं. मी मुनीमजींना म्हणलं, तुमच्या चतुःसीमेत असं काही आहे का, ज्याच्यासाठी बाकीचं सोसावं?

तेव्हा बाई बोलल्या. "महाराज, तेच तर आहे. ते घर ह्याच देवळाच्या मागचं. तुमचा भोंगा आमच्या न्हाणीच्या वर येतो."

मायबाप हो, मी गप्प झालो. चाळीस वर्षं तोंड चालवतोय, त्या दिवशी शब्द सापडेना. आवाजी शेजारी म्हणजे आपण!

बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना हार्टचा त्रास आहे. डॉक्टरनं झोप मोडू द्यायची नाही म्हणून सांगितलंय. काकडा चारला सुरू होतो, सप्ताहात तर रात्रभर. देवाचं नाव ऐकून त्रास होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून सांगितलं नाही."

मी विचारलं, आधीचे मालक कामून विकून राहिले? तर कळलं ते असं. मालक लेकाकडं निजामाबादला चाललेत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्यांच्या सुनेचं बाळ पहाटे भोंग्याला दचकून उठायचं, ती त्याला घेऊन माहेरी जाऊन राहायची, हे कोणालाच माहीत नाही. ते मालक आपल्या काकड्याला रोज पहिल्या ओळीत बसायचे. वर्गणी देताना पावती मागायचे नाहीत. अठरा वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. देवाच्या कामाला नको कोण म्हणणार, माय?

कायदा काय म्हणतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते पहाटे 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सणाला वर्षातून काही दिवस सरकार सूट देतं, तीही रात्री 12 पर्यंतच. अन् त्याच साली सर्वोच्च न्यायालयानं चेन्नईच्या एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. हे मी डीजेवाल्या पोरांना ह्याच गादीवरून ऐकवलेलं आहे. आपल्या काकड्याच्या वेळी मला ते आठवलं नाही.

मंडळाची बैठक घेतली. सोपं गेलं नाही. एक जुने टाळकरी उठून गेले. म्हणाले, माझ्या बापानं वर्गणी करून हा भोंगा आणला, अंथरुणाला खिळलेल्यांना घरबसल्या काकडा ऐकू जातो, त्यांचं काय? त्यांचंही खोटं नाही. अशी दोन म्हातारी माणसं आहेत गल्लीत, खरंच वाट पाहतात.

मग मी बाभळीचं उदाहरण दिलं. बाभळी बंधारा आपल्याच तालुक्यातला, गोदामाय तीच. वरचा शेजारी आपण, खालचा शेजारी तिकडचा. वर्षानुवर्षं भांडण, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2013 च्या फेब्रुवारीत निकाल लागला. बंधारा ठेवा म्हणाले, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं वर, पाणी जाऊ द्या. त्यानंतर दारं खाली. अन् 1 मार्चला 0.6 टीएमसी खालच्यांना सोडा. निकालावर खूश असलेला माणूस आपल्याकडं कमीच, शेतकऱ्याला विचारा. पण बंधारा मोडला नाही अन् नदीही अडली नाही. दोन राज्यांना जमतं, तर आपल्या भोंग्याला दारं का नसावीत?

ठरलं ते असं: काकडा चारलाच, पण टाळ, मृदंग अन् गळा एवढ्यावर, भोंगा नाही. त्या दोन म्हाताऱ्या माणसांकडं आपली पोरं आळीपाळीनं जाऊन बसणार. सप्ताहात रात्री 10 नंतर यंत्र बंद. उठून गेलेले टाळकरी अजून आलेले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो.

हे मुनीमजींना सांगायला गेलो, तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मग उद्याच इसार देतो." मी हात धरला. म्हणलं, थांबा. बहिणाबाई ओवरीत उतरल्या होत्या, त्यांनी ती खरेदी केली नव्हती. पाय मोकळे होते. तुम्ही बावीस वर्षांची पुंजी घालताय. मी आज आहे, उद्या नाही. मंडळाचा अध्यक्ष बदलतो. आमचा शब्द खरेदीखतात नोंदला जात नाही. अन् मृदंग तर राहणारच, तो मागच्या भिंतीला घुमतो. तेव्हा मालकाकडून किल्ली मागा अन् सासूबाईंना घेऊन तिथं झोपा. साध्या दिवशी एक रात्र, एकादशीला एक रात्र. जमलं तर घ्या. त्यांना नाहीच सोसलं तर सोडून द्या, अन् देवळाशेजारचं घर नाकारलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुकोबासुद्धा एकांत पाहिजे तेव्हा भंडाऱ्याच्या डोंगरावर जायचे. त्यांना गावातलं देऊळ काय परकं होतं का?

साध्या दिवसाची रात्र झाली. सासूबाई झोपल्या, म्हणे दोनदा उठल्या, पण ते डासांनी. आज एकादशीची रात्र आहे. आत्ता ती तिघं ह्या भिंतीच्या पलीकडं आहेत. मुनीमजी इथं यायचे म्हणत होते, मी नको म्हणलं. तुम्ही तिकडूनच ऐका, तुमचं आजचं काम तेच आहे.

घड्याळात दहाला पाच कमी आहेत. साउंडवाले, भोंगा बंद करा बाबा. जागर चालूच राहील, आपल्या गळ्यावर. माळकरी मंडळी, मृदंग जरा हलक्या हातानं.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!