इंजिन जड का फिरते?
नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ, धडगावच्या डोंगरपट्ट्यात हिवाळ्यातल्या पहाटे डिझेल जीपचे इंजिन जड फिरते. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते, ऑइलही घट्ट होते. तरीही दोष दरवेळी बॅटरीचाच नसतो. आधी टर्मिनलवरचा पांढरट थर आणि सैल क्लॅम्प पाहावेत. मग मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी थकलेली आहे किंवा स्टार्टर जादा करंट ओढतो आहे. आकडा टिकला, तर स्टार्टर मारतानाच बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा धातू यांमध्ये मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आले, की अर्थिंगची केबल खराब समजावी. हीच तपासणी बहुधा राहून जाते आणि नव्या बॅटरीचा खर्च वाया जातो. केबलही चांगली असेल, तर स्टार्टर उघडून कार्बन ब्रश आणि बुश तपासावेत.