कांटेरी झाडाचें कोंवळें बालपण

निवडुंग म्हटला कीं, ज्याची कोणी काळजी घेत नाहीं असें झाड डोळ्यांपुढें येतें. शेताच्या बांधावर तो आपोआप वाढतो, गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तोडून फेकलेला तुकडाहि पावसाचे चार थेंब मिळतांच मूळ धरतो. असें चिवट झाड बियांपासून वाढविण्यांत अवघड तें काय, असा प्रश्न कोणासहि पडेल. परंतु हौसेनें बियांची पुडी आणून पेरणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा अनुभव असा कीं, उगवण होते आणि महिन्याभरांत कुंडी पुन्हां ओसाड पडते.

श्रोतेहो, याचें कारण पाहण्यापूर्वीं नांवाचा एक घोटाळा दूर करणें अवश्य आहे. कुंपणावरचा, दुधाळ चिकाचा तिधारी निवडुंग हा खरा कॅक्टस नव्हे. त्याचें कूळ एरंडाचें. कॅक्टसाचें माहेर अमेरिका खंड. बांधावरचा फड्या निवडुंग त्या कुळांतला, आणि हल्लीं बाजारांत दिसणारें ड्रॅगन फ्रूट हेंहि त्याच कुळांतलें. सांगली जिल्ह्यांतील तडसर येथून तें फळ २०२१ सालीं दुबईस गेलें. शेतकरी मात्र त्याची लागवड तुकडे लावून करतात. कारण बियांच्या रोपास फळ धरावयास कित्येक वर्षें लागतात.

बियांचें खरें दुखणें असें कीं, वाळवंटांतील झाडाचें बाळ वाळवंटी नसतें. मोठा कॅक्टस खोडांत पाणी सांठवून महिनेच्या महिने तग धरतो; नुकतें उगवलेलें रोप म्हणजे एक इवलासा हिरवा मणी. त्याच्यापाशीं पाण्याचा सांठा नाहीं, मूळ केसासारखें, कांटे लवेसारखे मऊ. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत सग्वारो नांवाचा कॅक्टस ४० फूट उंच होतो. पण पहिल्या ८ वर्षांत तो इंच-दीड इंचच वाढतो, आणि तोहि बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलींत.

यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजीसारख्या गांवीं ही अडचण अधिक जाणवते. तेथील काळी माती कपाशीला मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. तोच गुण या रोपांस घातक ठरतो. म्हणून वाघाडी नदीची जाडसर वाळू धुऊन तिचे दोन भाग, विटांचा चुरा एक भाग व चाळलेलें जुनें पालापाचोळ्याचें खत एक भाग, असें मिश्रण करावें. त्यावर उकळतें पाणी ओतून तें निवूं द्यावें, म्हणजे बुरशी बरीचशी मरते. बिया पुरूं नयेत, वर नुसत्या पसराव्या. बहुतेक जातींस उगवण्यासाठीं उजेड लागतो. कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून खालून ओल शोषूं द्यावी, तोंडावर कांच ठेवावी आणि ती उजेडांत, पण उन्हाबाहेर असावी. बऱ्याच जाती एक ते तीन आठवड्यांत उगवतात. फड्या निवडुंगाच्या बीचें कवच कठीण असल्यानें तिला कित्येकदां महिने लागतात.

खरी परीक्षा येथून पुढें. कांचेखालीं ओल फार झाली कीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. ओल तुटली कीं एका दुपारीं वाळतात. पेरणी माघ-फाल्गुनांत केली तर कोंवळ्या रोपांना वैशाखाचा वणवा गांठतो, आणि त्यांतून वांचलेल्यांना आषाढाची दमट हवा. दसऱ्याच्या सुमारास पेरलेलीं रोपें कडक उन्हाळा येईपर्यंत सहा महिन्यांचीं होतात. कांच एकदम काढूं नये. प्रथम एक फट, मग तासभर, मग दिवसभर, अशी मोकळ्या हवेची संवय लावावी. वर्षानें रोप वाटाण्याएवढें झालें तरी समाधान मानावें.

तयार झाड विकत मिळत असतां एवढा खटाटोप कशासाठीं? २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणींत कॅक्टसाच्या ३१ टक्के जाती धोक्यांत असल्याचें आढळलें. शौकिनांसाठीं रानांतून उपटलीं जाणारीं झाडें हें त्याचें एक मोठें कारण होय. पन्नास वर्षें वाढलेलें झाड उपटावयास क्षणभर पुरतो. ज्या घरांतील मुलांनीं वाटाण्याएवढ्या रोपासाठीं वर्षभर वाट पाहिली, त्या घरांत असें उपटलेलें झाड शोभेसाठीं सहसा येणार नाहीं. तेव्हां पहिल्या खेपेस कुंडी ओसाड झाली, तरी पुढच्या दसऱ्यास ती पुन्हां पेरावी.