उंबराचें फूल

क्वचित् दर्शन देणाऱ्या माणसाला मराठींत 'उंबराचें फूल' म्हणतात. उंबराला फुलें येतात, परंतु तीं फळाच्या पोटांत दडलेलीं असल्यामुळें कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. बौद्ध परंपरेंत तर हें फूल तीन हजार वर्षांतून एकदांच उमलतें अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेबरोबर उदुंबराचें नांवहि पूर्वेकडे गेलें. जपानांत आज ज्याला 'उदोंगे' म्हणतात, तो केंसासारख्या बारीक देठावर टेकलेला, खसखशीच्या दाण्याएवढा फिकट ठिपका असतो. कोरियांत बुद्धमूर्तीवर असे ठिपके दिसले म्हणून दर्शनासाठीं भाविकांची रीघ लागलेली आहे. वस्तुतः तें फूल नव्हे. तीं एका हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाचीं अंडीं होत.

महाराष्ट्रांतील कापूस पिकविणारा शेतकरी या कीटकाला 'क्रायसोपा' म्हणून ओळखतो. तो जेमतेम एक सेंटिमीटर लांब, अंगानें पोपटी, डोळ्यांनीं सोनेरी, आणि इतका नाजुक कीं बोटाच्या चिमटींत धरला तरी पंख चुरगळावे. मादी रात्रीं पानावर पोटाचें टोक टेकवून चिकट द्रवाचा थेंब सोडते व टोक वर उचलते; द्रवाचा ताणलेला धागा हवेंत तत्काळ घट्ट होतो, आणि त्याच्या शेंड्यावर एक अंडें ठेवलें जातें. अशीं शेंकडों अंडीं एक मादी घालते. एवढा खटाटोप कशासाठीं? मुंग्यांसारख्या लुटारूंना त्या देठावर चढणें अवघड जातें, हें एक कारण सांगतात. दुसरें कारण घरांतलेंच आहे. आधीं बाहेर पडलेलें पिलूं शेजारचें अंडें खाण्यास मागेंपुढें पाहत नाहीं. देठामुळें भावंडें एकमेकांपासून थोडींफार सुरक्षित राहतात.

हें पिलूं म्हणजे अळी. मऊ, तपकिरी रेघांची, सुसरीच्या आकाराची. अठराव्या शतकांतील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यानें तिला 'माव्याचा सिंह' म्हटलें, आणि तें नांव युरोपच्या भाषांत अजून चालतें. सिंह मात्र शिकार फाडून खातो. ही पिऊन टाकते. तिच्या तोंडाशीं विळ्यासारखे वांकडे दोन जबडे असून प्रत्येकांत बारीक नळी असते. माव्याच्या अंगांत ते रुतवून ती पाचक रस आंत सोडते, मांस आंतल्या आंत विरघळतें, आणि तें शोषून घेतल्यावर रिकामें कातडें टाकून ती पुढें सरकते. आठदहा दिवसांत शेंकडों मावे असे संपतात. तुडतुडे, फुलकिडे, पांढऱ्या माशीचीं पिलें, पिठ्या ढेकूण, बोंडअळीचीं अंडीं, कांहींहि तिला वर्ज्य नाहीं.

तिच्या शरीराची रचना आणखी चमत्कारिक आहे. अन्नाची नळी मध्येंच बंद असते. त्यामुळें अळीपणीं सांठलेला मळ पोटांतच राहतो व पूर्ण वाढ झालेला कीटक तो प्रथम बाहेर टाकतो. रेशमाचा किडा तोंडानें सूत काढतो; ही अळी मागील वाटेनें काढते. एरव्हीं शरीरांतील टाकाऊ द्रव्यें वेगळीं करणाऱ्या नलिकाच कोश विणण्याच्या वेळीं रेशीम तयार करूं लागतात. वाटाण्याहून लहान, पांढरा, गोल कोश तयार होतो आणि उष्ण दिवसांत आठवड्याभरांत त्यांतून पंखवाला जीव बाहेर येतो.

त्याचा स्वभाव पालटलेला असतो. शिकार सुटते, फुलांतील मध, पराग आणि माव्याच्या अंगांतून पाझरणारा गोड चिकटा यांवर तो राहतो. वटवाघळाचा सूक्ष्म आवाज ऐकणारा कान त्याच्या पुढच्या पंखाच्या मुळाशीं असतो. आवाज आला कीं पंख मिटून तो दगडासारखा खालीं पडतो.

त्याचें गाणें माणसाला ऐकूं येत नाहीं. नर आणि मादी पानावर बसून पोट वरखालीं थरथरवितात. ती थरथर पायांतून पानांत उतरते आणि दुसऱ्याच्या पायांना कळते. एकाचें संपलें कीं दुसऱ्यानें त्याच तालांत उत्तर द्यावयाचें. ताल जुळला तरच लग्न.

या मुक्या गाण्यानेंच एका जुन्या चुकीचा उलगडा केला. युरोपांतील एका जातीला स्टीफन्स यानें १८३६ सालीं 'कार्निआ', म्हणजे मांसवर्णी, असें नांव दिलें होतें. हिंवाळ्यांत ती हिरवा रंग टाकून तांबूस होते, एवढाच त्या विचित्र नांवाला आधार. भारतीय शेतांतला कीटक तसाच दिसे, म्हणून वर्षानुवर्षें त्यालाहि 'कार्निआ'च म्हणत. पुढें अमेरिकेंतील कनेक्टिकट विद्यापीठाचे चार्ल्स हेन्री व त्यांचे युरोपीय आणि भारतीय सहकारी यांनीं थरथरीच्या तालाच्या नोंदी ताडून पाहिल्या. भारतीय कीटकाचा ताल युरोपांतल्याशीं जुळेना. तो जुळला दक्षिण आफ्रिकेंतील 'झास्ट्रोवी' या जातीशीं. २०१० सालीं त्याला 'क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी' हें नांव निश्चित झालें.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. हा कीटक प्रयोगशाळेंत तांदळाच्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवून शेतांत सोडतात, आणि अळ्या एकमेकींना खातात म्हणून त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावें लागतें. ज्याच्यावर पिकाचा भार टाकावयाचा तो कोण, हेंच ठाऊक नसेल तर परक्या जातीवर झालेले प्रयोग त्याच्या खातीं मांडले जातात. आणि भार मोठा आहे. मावा दिसतांच सरसकट सर्व कीटकांना मारणारें औषध फवारलें, तर मावा व त्याचा सिंह दोघेहि मरतात. परंतु माव्याची मादी नरावांचून पिलें देते व आठवड्याभरांत तीं पिलेंहि वितात. सिंहाची एक पिढी पुरी होण्यास तीन आठवडे तरी लागतात. मधल्या काळांत शेत माव्याचें असतें. गच्चीवरील गुलाबाच्या कुंडींतहि हाच हिशेब लागतो.

रात्रीं हा कीटक दिव्याकडे ओढला जातो, आणि तेथेंच मादी कधीं खिडकीच्या कांचेवर, कधीं दिव्याच्या झांकणावर, कधीं देवळांतील मूर्तीवरहि आपलीं अंडीं लावून जाते. तीनचार दिवसांनीं फिकट ठिपका करडा होतो, फुटतो, आणि अळी देठावरून खालीं उतरते. मूर्तीवर मावा नसतो. तेथें तिला खावयास उरतें तें शेजारचें अंडें.