बटण कोणाच्या हाती?

१९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लता मंगेशकरांचे जन्मगाव असलेल्या इंदुरात १९५५ साली केंद्र उघडले, तेव्हाही हीच स्थिती होती. देशभरच्या श्रोत्यांनी निमूटपणे बटण फिरवले आणि रेडिओ सिलोन गाठले. दिल्लीला गीते थांबवता आली. घरातील यंत्रात मात्र हात घालता आला नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली, ती बहुतांशी या बटणाचीच किमया.

आज इंदूरच्या दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच इंटरनेटला जोडलेला असतो. कारखानदार दुरूनच त्याच्या पडद्याची मांडणी बदलतो, त्यावर जाहिराती आणतो आणि घरात काय पाहिले जाते याची टिपणेही घेऊ शकतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून अशी टिपणे संमतीवाचून गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ साली तिने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. मोल ग्राहकाने मोजावे आणि पाळतही त्याच्यावरच राहावी, हा सौदा विचित्रच! ती बंद करण्याची सोय बहुधा संचाच्या सेटिंग्जमध्ये असते, पण खोल दडवलेली. नव्या संचावर ‘मान्य आहे’ म्हणण्यापूर्वी ती दुकानदारालाच दाखवावयास सांगावे.