रक्त वेगाने चढवावे लागते तेव्हा : प्रेशर बॅगचा उपयोग आणि आप्तांनी घ्यावयाची काळजी
(व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णाच्या खाटेशेजारी स्टँडला लटकवलेली रक्ताची पिशवी आणि तिच्यातून थेंबाथेंबाने उतरणारे रक्त हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्या थेंबांकडे नजर लावून बसलेल्या आप्ताच्या मनात एकच विचार असतो : हे रक्त जरा लवकर गेले, तर आपला माणूस लवकर सावरेल. या समजुतीपोटी कोणी नळीवरची चाकी सैल करतो, कोणी पिशवी हाताने दाबून पाहतो. उलट, अपघात विभागात परिचारिका पिशवीभोवती आवरण गुंडाळून रबरी फुगा भराभर दाबू लागली, की तोच आप्त धास्तावतो. एवढ्या जोराने रक्त आत गेले तर रुग्णाला सोसेल का, असे त्याला वाटते.

दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एक गोष्ट नजरेआड झालेली असते. रक्त कोणत्या वेगाने द्यायचे, हा उपचाराचाच भाग आहे. औषधाची मात्रा जशी रुग्ण पाहून ठरते, तसा रक्ताचा वेगही रुग्ण पाहूनच ठरतो. एकाचे प्राण वाचवणारा वेग दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. आजचे विवेचन याच एका गोष्टीभोवती आहे.

प्रेशर बॅग कशी चालते?

रक्तदाब मोजताना दंडाला जो पट्टा बांधतात, त्याच्याशी या साधनाचे जवळचे नाते आहे. तसेच हवा भरता येणारे आवरण, तसाच रबरी फुगा आणि तशीच दाब दाखवणारी तबकडी. फरक इतकाच, की हे आवरण दंडाऐवजी रक्ताच्या किंवा सलाईनच्या मऊ पिशवीला वेढते. आवरण फुगले की पिशवी सर्व बाजूंनी दाबली जाते आणि आतील द्रव नळीतून वेगाने शिरेकडे जातो. आवरणाची एक बाजू जाळीदार किंवा पारदर्शक असते. त्यामुळे पिशवीवरची चिठ्ठी आणि उरलेले रक्त दोन्ही डोळ्यांसमोर राहतात.

या दाबाचा अंदाज असा करता येईल. पिशवी रुग्णाच्या हातापासून एक मीटर उंच टांगली, तर द्रवावर सुमारे ७५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. प्रेशर बॅगमध्ये साधारणतः ३०० मिलिमीटरपर्यंत दाब दिला जातो. तेवढाच दाब केवळ उंचीने मिळवायचा तर पिशवी चार मीटर वर टांगावी लागेल, म्हणजे बहुतेक वॉर्डांचे छत आड येईल. ३०० मिलिमीटर ही मर्यादाही विचारपूर्वक पाळली जाते. त्याहून अधिक दाबाने पिशवी किंवा जोड फुटण्याची आणि बारीक सुईतून रेटल्या जाणाऱ्या तांबड्या पेशी भंगण्याची भीती असते.

दाबाइतकेच महत्त्व शिरेत घातलेल्या सुईच्या जाडीला आहे. अरुंद नळीला कितीही दाब दिला, तरी प्रवाह तुटपुंजाच राहतो. शास्त्रीय हिशेबाने नळीचा व्यास दुप्पट झाला, तर प्रवाह सोळापट होऊ शकतो. म्हणूनच मोठ्या रक्तस्रावात डॉक्टर नेहमीच्या गुलाबी किंवा निळ्या सुईऐवजी हिरवी, करडी किंवा नारिंगी अशी जाड सुई निवडतात आणि बहुधा दोन शिरांत सुया घालतात. रुग्णाला आणखी एकदा टोचले म्हणून आप्तांनी नाराज होऊ नये. पुष्कळदा ती दुसरी सुईच निर्णायक ठरते.

काचेच्या बाटलीपासून मऊ पिशवीपर्यंत

पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवले जाई. ते वेगाने देण्यासाठी बाटलीत वरून हवा भरावी लागे आणि बाटली रिती होताच ती हवा रुग्णाच्या शिरेत शिरण्याचा धोका असे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी प्लास्टिकची रक्तपिशवी प्रचारात आणली. द्रव बाहेर पडताना ही पिशवी आपोआप चपटी होते. आत हवा भरावी लागत नाही. आपल्या देशात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने रक्तपिशवीचे स्वदेशी तंत्र विकसित केले.

मात्र हवेचा धोका अजून पुरता संपलेला नाही. सलाईनच्या पिशवीत थोडी हवा असते. दाब देण्यापूर्वी ती काढून टाकावी लागते. ज्या कडक बाटलीला हवेसाठी छिद्र किंवा सुई असते, तिला दाब देणे धोक्याचे आहे. दाबाखाली असलेली पिशवी रिकामी होईपर्यंत तशीच सोडणे हेही तितकेच अनिष्ट. म्हणून प्रेशर बॅग लावल्यावर प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाजवळून हलू नये, असा नियम आहे.

वेग कोणासाठी, संयम कोणासाठी?

साठ किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे चार लिटर रक्त असते. अपघात, बाळंतपण किंवा पोटातील रक्तस्राव यांमुळे त्यातील तिसरा हिस्सा झपाट्याने गेला, तर रक्तदाब कोसळू लागतो, हातपाय थंड पडतात आणि मेंदू व मूत्रपिंडांना प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी एक पिशवी दोन-तीन तासांत देणे निरुपयोगी ठरते. ती काही मिनिटांत द्यावी लागते. प्रेशर बॅग आहे ती यासाठी.

आता दुसरे चित्र पाहा. एखाद्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन कित्येक महिन्यांपासून हळूहळू घटत आले आहे. तिच्या शरीरात रक्ताचे आकारमान कमी झालेले नाही. कमतरता आहे ती तांबड्या पेशींची. ही उणीव भरून काढण्यासाठी तिचे हृदय आधीच जादा कष्ट करीत असते. तिला रक्त भराभर दिले, तर हृदयावर एकाएकी भार येतो, फुप्फुसांत पाणी साचते आणि श्वास कोंडतो. तिच्यासाठी संथ थेंब हाच योग्य उपचार. वृद्ध, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, लहान मुले आणि थॅलेसेमियाचे बालरुग्ण यांनाही हेच लागू पडते.

हीच स्त्री बाळंतपणानंतर अतिरक्तस्रावाच्या संकटात सापडली, तर तिलाच वेगाने रक्त द्यावे लागेल, आणि तेही तिच्या हृदयावर सतत लक्ष ठेवून. व्यक्ती तीच, रक्तही तेच. प्रसंग बदलला की वेग बदलतो. म्हणूनच शेजारच्या खाटेवरील रुग्णाला रक्त लवकर चढले, मग आमच्या रुग्णाला इतका वेळ का, ही तुलना निरर्थक आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गळक्या घागरीत पाणी भरत राहून घागर भरत नाही. रक्तस्राव थांबवणे हे पहिले काम. रक्त भरून काढणे त्याच्या जोडीने चालते. नुसते सलाईन जोराने देत राहिल्यास रक्त पातळ होते आणि त्याची गोठण्याची शक्ती घटते. म्हणून घरी किंवा रस्त्यावर कोणी रक्तबंबाळ झाले, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी, दाब सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयातील कोणत्याही साधनाचे यश या पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते.

घाईतही न टाळायच्या गोष्टी

वेग कितीही हवा असला, तरी रुग्णाचे नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक दोघांनी मिळून पडताळलाच पाहिजे. चुकीच्या गटाचे थोडेसे रक्तही प्राणघातक ठरू शकते आणि दाबाखाली ते थोडे राहत नाही. कर्मचारी रुग्णाचे नाव पुनःपुन्हा विचारत असतील, तर त्रागा करू नये. पूर्ण नाव स्पष्ट सांगावे.

साठवणीतले तांबड्या पेशींचे रक्त २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात असते. असे थंड रक्त वेगाने गेल्यास शरीर गारठते, हृदयाची लय बिघडू शकते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. त्यासाठी रुग्णालयात रक्त कोमट करणारे विशेष यंत्र वापरले जाते. अनेक ठिकाणी रक्तकेंद्रातून पिशवी आणण्याचे काम आप्तांवर पडते. त्यांनी ती काखेत धरून, गरम पाण्यात बुडवून किंवा उन्हात ठेवून कदापि गरम करू नये. अति उष्णतेने पेशी फुटतात. थेट बर्फावरही ठेवू नये. गोठल्यानेही त्या फुटतात. दिलेल्या पेटीतून, वाटेत कोठेही न थांबता पिशवी आणावी आणि लगेच परिचारिकेच्या हाती द्यावी. शीतकपाटातून काढलेले रक्त शक्यतो अर्ध्या तासाच्या आत सुरू करावे आणि चार तासांच्या आत संपवावे, असा दंडक आहे.

आप्तांनी काय करावे?

१. नळीची चाकी, पिशवीची उंची, आवरणाचा फुगा किंवा तबकडी यांना हात लावू नये. थेंब थांबले, तर परिचारिकेस बोलवावे.

२. रक्ताच्या नळीतून दुसरे औषध किंवा ग्लुकोजचे सलाईन देण्याचा आग्रह धरू नये. रक्तासोबत केवळ साधे मिठाचे सलाईन चालते.

३. सुईच्या जागी सूज, आग किंवा ताण जाणवला, तर तत्काळ सांगावे. सुई शिरेबाहेर सरकली असेल, तर दाबाखालील द्रव मांसात शिरतो आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. बेशुद्ध रुग्ण वेदना सांगू शकत नाही; त्याच्या हातावर आपली नजर असू द्यावी.

४. थंडी वाजून ताप, अंगावर गांधी, खाज, धाप, छातीत किंवा कमरेत दुखणे, लघवी लाल किंवा काळपट होणे, कमालीची अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. कर्मचारी प्रथम रक्त थांबवतील. पिशवी फेकू देऊ नये. तपासणीसाठी ती जपून ठेवावी लागते.

५. घरी गेल्यानंतर पुढील दोन आठवड्यांत ताप, कावीळ किंवा गडद लघवी झाल्यास रक्त चढवल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

६. रक्त देण्यापूर्वी संमतिपत्रावर सही घेतली जाते. सही करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : रक्त कशासाठी आवश्यक आहे आणि ते किती वेळात दिले जाणार आहे? हे विचारणे हा आपला हक्क आहे.

रक्त चढवताना झालेल्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१२ पासून देशात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, तर वैद्यकीय उपकरणांतील दोषांसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम. आवरण फुटणे, तबकडी चुकीचा दाब दाखवणे, जोड निसटणे असे काही घडल्यास रुग्णालयाकडे नोंद करण्याचा आग्रह धरावा. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते. अशा नोंदींतूनच सदोष साधने उजेडात येतात आणि पुढच्या रुग्णावरील संकट टळते.

पिशवी आधी भरलेली हवी

शेवटची गोष्ट. प्रेशर बॅग रक्ताला वेग देऊ शकते, रक्त निर्माण करू शकत नाही. रुग्ण दारात आल्यानंतर दात्याचा शोध सुरू झाला, तर रक्त घेणे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व हिवताप यांच्या चाचण्या करणे, गट जुळवणे यांत तास जातात. काही मिनिटांत द्यायचे रक्त आधीच तपासून साठवलेले असावे लागते. ते तेथे असते, ते कोणा अनोळखी व्यक्तीने स्वेच्छेने दिलेले असते म्हणून. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्तदान करता येते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी.

तेव्हा रुग्णाच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकास एवढीच विनंती : वेग ठरवण्याचे काम उपचार करणाऱ्यांवर सोपवा, लक्ष ठेवण्याचे काम आपल्याकडे घ्या आणि शंका येताच निःसंकोच बोला.