सात प्रिझम आणि एक किल्ला



अध्यक्षपद दिलेत, आभारी आहे. सदाशिव पेठेतली सभा वेळेवर सुरू झाली, त्याचे श्रेय श्रोत्यांना. वर्षाचा आढावा घ्यावा अशी सूचना होती. छापील अहवाल खुर्च्यांवर आहे, तो वाचावा. मला एक जुने भांडण काढायचे आहे.

दर ऑगस्टात कोणीतरी मला ऐकवतो की १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला. अहो, लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता! १८ ऑगस्ट १८६८ ला गुंटूरला जान्सेन होता आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवायचे तर त्या मुक्कामाचे म्हणून दाखवा.

तारीख चुकली याचे मला तितके वाईट वाटत नाही. या गोष्टीत किल्ला आहे, समुद्र आहे, साहेब आहे. फक्त प्रिझम नाहीत. लॉकियरच्या वर्णपटदर्शकात सात प्रिझम होते, एकापुढे एक वळणावर मांडलेले. ग्रहण नसताना सूर्याच्या कडेच्या ज्वाला आकाशाच्या उजेडात बुडून जातात. प्रिझम वाढवत गेलात की तो उजेड रंगांत पसरतो, फिका होतो. ज्वालेचा उजेड मोजक्या रेषांत एकवटलेला. त्या रेषा दूर दूर जातात, पण विझत नाहीत. म्हणून २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला ग्रहणाशिवाय ज्वालेच्या रेषा दिसल्या. जान्सेनने हीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. ज्वालेतली हेलियमची पिवळी रेषा सोडियमच्या जोडीपासून जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरवर. मांडणीत ताकद नसेल तर ती सोडियमचीच वाटणार, आणि आधी तशी वाटलीही.

सकाळच्या परिसंवादात दोन विद्वान तावातावाने बोलले: ग्रेटिंग आल्यावर प्रिझम शिकवायचा कशाला? माझे उत्तर एका कॉलेजातले आहे. तिथे ‘कॉन्स्टंट डेव्हिएशन’चे उपकरण डेड स्टॉक रजिस्टरात सुखाने नांदत होते. मुले ड्रम फिरवायची, तरंगलांबी वाचायची, जर्नलात उतरवायची. मी झाकण काढले. एका मुलीने विचारले, “सर, किरण काटकोनात वळतो, मग आत आरसा कुठाय?” आरसा नव्हताच. पेलिन-ब्रोका प्रिझमची एक बाजूच आतून आरशाचे काम करते. काचेचा ठोकळा फिरवला की रंग बदलतो, दुर्बीण जागची हलत नाही. मग तिला लिट्रोची मांडणी काढून दाखवली: अर्ध्या प्रिझमच्या पाठीला चांदीचा मुलामा, किरण त्याच काचेतून परत येतो, अर्ध्या प्रिझममध्ये अख्ख्या प्रिझमचे काम. वर्ग तास संपल्यावरही हलेना. दुसऱ्या दिवशी मला झाकण उघडल्याचा लेखी खुलासा मागितला गेला. ग्रेटिंगवाल्यांनी या वादात मला आणखी काही विचारू नये.

आणि साहेबाचेच नाव घ्यायचे असेल तर ज्याने त्याला चूक ठरवले त्याचेही घ्या. कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ मध्ये त्यांची वेधशाळा उभी राहिली. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे लॉकियरचे म्हणणे. पट्ट्याची कड एका बाजूने विरत जायला हवी. १८९१ मध्ये नायगमवालांनी पुण्यातून पाहून कळवले की रेषा दोन्ही बाजूंनी धारदार आहे. १८९८ ला लॉकियर विजयदुर्गावर असताना नायगमवाला त्याच ग्रहणासाठी जेऊरला होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, सामान कोडाईकनालला गेले. पुण्याच्या किती पदार्थविज्ञान पदवीधरांना हे नाव ठाऊक आहे, हात वर करायला सांगत नाही, पाहुण्यांसमोर शोभणार नाही.

तर कामे. जुन्या प्रयोगशाळांतल्या प्रिझमच्या उपकरणांची यादी करायला एक समिती नेमावी. सभासद कोण, खर्च कुठून, ते कार्यवाह बघतील. मराठीत मांडण्यांच्या आकृत्यांची एखादी पुस्तिकाही हवी, लिहिणारा सापडेल. आणि येत्या १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा करायला विजयदुर्गाला जाणाऱ्यांनी भाषणे आखडती घेऊन टेबलावर सात प्रिझम मांडावेत. ते कुठून आणायचे, हे चहाच्या वेळी मला विचारा.